सोलापूरकरांनो, डिग्री न करता फोटोग्राफी कुठं शिकलात? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, बँकेत नोकरी, चाळिशी उलटली, त्यामुळं तीन वर्षांची डिग्री वगैरे आता या जन्मात नाही. दिवाळीला हौसेनं कॅमेरा घेतला तो अजून ऑटोवरच आहे, म्हणजे गळ्यात अडकवायचा महागडा मोबाईलच म्हणा ना. आठ-दहा दिवस रजा टाकून मान मोडून शिकायची तयारी आहे. ज्यांनी असं थोड्या दिवसांत कसून शिकलंय त्यांनी लिहा. क्लासची जाहिरात नको प्लीज. पैसे बुडाले असतील तर तेही लिहा, नाव न घेता.

पार्कचौकी
ताई, बुडाल्याचं माझ्याकडनं घ्या. दोन दिवसांचं वर्कशॉप, लॉजच्या हॉलमध्ये, माणसं चाळीस आणि मॉडेल एक. सरांनी लाईट आधीच लावून ठेवलेले, म्हणाले शटर १/१२५, एफ ८, आयएसओ १०० ठेवा आणि रांगेनं या. गेलो रांगेनं, देवळात जातो तसं, दोन क्लिक की चला पुढं, चला पुढं. संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकले तर चाळीस फोटो एकच, माझ्यात फक्त कोपऱ्यात कुणाचातरी खांदा जास्तीचा. आठच का, एकशेपंचवीसच का, आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रीसेट, म्हणजे फोटोचे रंग बदलायच्या तयार सेटिंग्ज, विकायला काढले. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं, ते आईनं हॉलमध्ये लावलंय.

कडकभाकरी
मी शिकलो पण फी उलटी मला मिळाली 😄 बारावीनंतर एका लग्नाच्या फोटोग्राफर मालकांकडं लाईट धरायला लागलो, एका लग्नसराईत पस्तीसेक लग्नं केली. पहिले पंधरा दिवस मालकांचं एकच, "काय करूलालास बे, पुढं हो की!" मला वाटायचं दोन पावलांनी असा काय फरक पडतोय. मग एकदा वऱ्हाड यायच्या आधी रिकाम्या कार्यालयात त्यांनी मला नवरीच्या खुर्चीवरच बसवलं, लाईट चार फुटांवर ठेवून एक फोटो काढला, मग कॅमेऱ्यात काही न बदलता लाईट आठ फुटांवर नेऊन दुसरा. दुसऱ्यात मी निम्मा अंधारात. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पावच उरतो, हे मी बारावीच्या पेपरात लिहून आलेलो बे, पण डोक्यात शिरलं त्या खुर्चीवर. आज स्वतःचं काम करूलालोय ते तेवढ्यावर. पण ताई, तुम्हाला हे झेपायचं नाही, रात्री दोनला वरात संपते आणि सकाळी तुमची बँक.

सातरस्ता
सगळं यूट्यूबवर फुकट आहे. कशाला पैसे घालवता.

कडकभाकरी
यूट्यूबला तुमचा फोटो दिसत नाही की वो, सातरस्ता.

हुतात्माचा पासधारक
पुण्यात एफटीआयआयचं (फिल्म इन्स्टिट्यूटचं) सेंटर फॉर ओपन लर्निंग आहे, त्यांचे थोड्या दिवसांचे कोर्स निघतात, काही ऑनलाईनही असतात. ताई, त्यांच्या वेबसाईटवर डोळा ठेवा. मला तारखा जुळल्या नाहीत (मार्च एंडिंग, दुसरं काय) म्हणून पुण्यातच एका जुन्या प्रेस फोटोग्राफरकडं नऊ दिवस काढले. त्यांचा नियम असा की रोज ३६च फोटो, पूर्वीच्या रोलएवढे, आणि डिलीट करायचं नाही. संध्याकाळी ते ३६ भिंतीवर, सगळ्यांसमोर. पहिल्या दिवशी मंडईत काढलेल्या माझ्या ३६ मध्ये ३१ पाठी. माणसांच्या पाठी! सर चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "लोकांना घाबरता का हो?" रात्री झोप लागली नाही. नवव्या दिवशी पाठी चारवर आल्या.

उपयोग कळला जानेवारीत, गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत. अक्षता सोहळ्याला सगळे पांढऱ्या बाराबंदीत, फ्रेमभर पांढरंच पांढरं, आणि कॅमेऱ्याचा मीटर बिचारा समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतो, त्यामुळं दरवर्षी माझ्या फोटोत बाराबंद्या आठवडाभर न धुतल्यासारख्या यायच्या. यंदा एक्सपोजर एक स्टॉप वर घेतलं, म्हणजे उजेड दुप्पट, आणि पांढरं पांढरं आलं. वडिलांनी फोटो बघून विचारलं, नवीन कॅमेरा घेतलास का.

पूर्वभागातली सून
आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. ऑनलाईन विकायला लागलो तर "रंग वेगळा आला" म्हणून माल परत यायचा. मी एका ताईंकडं तीनच दिवस शिकले, फक्त वस्तूंचे फोटो, बाकी काही नाही. त्यांनी पहिल्यांदा दुकानातले दिवे बंद करायला लावले, कारण ट्यूब पांढरी, बल्ब पिवळा आणि मधे आमची मरून चादर, ती विटकरी नाही दिसणार तर काय. मग चादर खिडकीशी, उजेड बाजूनं, शेजारी साधा पांढरा कागद ठेवून त्यावर व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते फोनला दाखवायचं. बाजूनं उजेड पडला की वीण उठून दिसते, धागा न् धागा मोजून घ्यावा अशी. समोरून फ्लॅश मारला की तीच चादर छापील कागदासारखी सपाट. फोन जुनाच आहे माझा. सासूबाई आता गिऱ्हाईकालापण खिडकीजवळ बोलावून चादर दाखवतात.

माळावरचा
नान्नजच्या माळावर एका पक्षीवाल्या काकांबरोबर तीन पहाटा. मोठी लेन्स भाड्यानं आणलेली, म्हणून मी जोरात. काका नऊ वाजता कॅमेरा बॅगेत टाका म्हणाले, मी ऐकलं नाही. घरी बघतो तर नऊनंतरचं एकूण एक काळवीट पाण्यात बुडाल्यासारखं लिबलिबीत. जमीन तापली की हवा हलते, तिथं लेन्स काय करणार.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, सातरस्ता तुमचेसुद्धा. काल पार्कचौकींचं वाचून आमच्या साहेबांना विचारलं, किती रजा मिळेल. पाच दिवस म्हणाले, तेही मार्च सोडून. तर आता त्या पुण्याच्या सरांचं ते ३६ चं घरीच सुरू केलंय, कंबर तलावावर, ऑफिसच्या आधी. आज ३६ पैकी २२ बदकं, ११ आमचे हे, आणि तीन माझं बोट. हे भिंतीवर लावून बघणारं कुणी आहे का इथं, चहा माझा?

कडकभाकरी
मी येतो ताई, सोमवारी लग्न नाही. आणि ह्यांचे काय काढायचे ते आत्ताच काढून घ्या, आमच्या घरात आता माझ्यासमोर कुणी उभं राहत नाही.