अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्त: दूधदुभतं बंद केलंय, पुढे काय?

नमस्कार मंडळी,

लेक सव्वादोन महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. तीन आठवड्यांपूर्वी दुपट्यावर शेंबडासारखी चिकट शी आणि तिच्यात रक्ताचे लाल दोरे दिसले. माझे हातपायच गळाले. ती मात्र हसतखेळत होती, वजनही छान वाढतंय. डॉक्टरांनी आधी शीच्या जागी चीर पडली नाही ना ते पाहिलं, शी तपासली, जंतुसंसर्ग निघाला नाही. मग म्हणाले, गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. तुम्ही जे खाता त्यातलं थोडं प्रथिन तुमच्या दुधातून उतरतं आणि तिच्या मोठ्या आतड्याला सूज येते.

दूध, दही, ताक, पनीर, बिस्किटं सगळं सोडलं. चौथ्या दिवशी रक्त थांबलं. आज सोळावा दिवस. पण परवा सासूबाईंनी मायेनं डिंकाचा लाडू दिला, साजूक तुपातला, आणि काल पुन्हा एक बारीक रेघ. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो म्हणे. लाडवामुळेच असेल का?

घरी म्हणतात, रक्तात आयजीई (काही अ‍ॅलर्जींत वाढणारं प्रतिपिंड) निगेटिव्ह आलंय म्हणजे अ‍ॅलर्जी नाहीच, उगाच उपाशी राहतेस. पण अंगावर पित्त उठतं ती अ‍ॅलर्जी वेगळी. लेकीला आहे त्या प्रकारात आयजीईचा संबंधच नसतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात गोळा होतात. इतक्या लहान बाळाच्या शरीराला अन्न कोणतं आणि शत्रू कोण हे अजून कळत नसतं, आवर घालणाऱ्या पेशी कच्च्या असतात. बहुतेक बाळं वर्षाची होईतो बरी होतात, हे ऐकून जरा धीर आला.

शेजारच्या काकू शेळीचं दूध सुचवतात, पण त्यातली प्रथिनं जवळपास तशीच. साधं डब्याचं दूधही गाईचंच. मला अंगावरचं तोडायचं नाहीये.

ज्यांनी हे काढलंय त्यांनी कृपया सांगा: तूप पूर्ण सोडलंत का? कॅल्शियमच्या गोळीशिवाय नाचणी, तीळ किती खायचात? हिच्या रक्तात इओसिनोफिल थोडे वाढलेत, तुमच्या बाळाचे किती दिवसांनी उतरले? आणि दूध परत सुरू केलंत तेव्हा आधी आईनं खाऊन पाहिलंत की थेट बाळाला दिलंत? गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कुणी लिहिलंत तर नेमकं काय विचारायचं ते कळेल.