सीझन संपला की घोडे हमरस्त्याच्या कडेला चरायला बांधणं बंद व्हायला हवं

मांडवीकाठ:
गोव्यात जूनचा पाऊस लागला की किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या फेऱ्या थांबतात, लग्नसराईही आटोपलेली असते. कमाई बंद म्हटल्यावर घोड्याच्या खुराकाला कात्री लागते आणि तो लांब दोरीने रस्त्याकडेला बांधला जातो. गवत फुकट, पाणी आभाळातलं. पर्वरीहून म्हापशाला येताजाता मी हे पाहते आणि दर वेळी पोटात कालवतं.

घोडा कसा चरतो ते एकदा जवळून बघा. गाय जिभेने गवत वेढून ओढते. घोडा ओठांनी चाचपत अगदी बुडाशी दात लावतो. पावसाने माती भुसभुशीत झाली असली तर ठोंब मुळासकट हातात, म्हणजे तोंडात येतो. मग दातांखाली रेती करकरते, शेजारी उभं राहिलं तर ऐकू येते.

त्या मातीत शिसं आहे. इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक थांबवायला १९२० च्या दशकापासून जगभर पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत आले. आपल्या देशात ते २००० साली बंद झालं. तोवर धुरातून पडलेलं शिसं कडेच्या मातीच्या वरच्या थरात बसलेलं आहे. ते कुजत नाही, पावसानेही फारसं खाली उतरत नाही. त्यात चाकांच्या बॅलन्सिंगसाठी लावलेली शिशाची वजनं निखळून टायरांखाली भरडली जातात, त्याची पूड वेगळीच.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. पशुसंवर्धन खात्याने कामाच्या घोड्यांचं रक्त शिशासाठी तपासावं आणि पंचायतींनी हमरस्त्याकडेला घोडे बांधायला मनाई करावी.

जांभ्याची वाट:
ताई, कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही. शिशाचं पेट्रोल जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुम्ही म्हणता त्या पट्ट्यात चौपदरीकरणाने जुनी कड उरलीच कुठे? खणून नेली, वर नवा भराव घातला. तिथलं गवत त्या नव्या मातीतलं आहे. माती तपासल्याशिवाय ‘शिसं आहे’ असं ठाम कसं म्हणता?

घोड्याचे खरे हाल डोळ्यांसमोर आहेत. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या डांबरावर वरातीत तासन्‌तास उभा, कानाशी बॅंड आणि फटाके, पाण्याची बादली कोणाला सुचत नाही. नाल झिजलेले, जिनाखाली जखमा. हे सोडून न दिसणाऱ्या शिशामागे लागलात, तर खातं एक परिपत्रक काढेल आणि हात झटकून मोकळं होईल.

गुरांचा दोतोर:
दोघांनाही थोडं थोडं सांगायचं आहे.

शिशाची बाधा झालेला घोडा गायीसारखा एकाएकी आंधळा होऊन भिंतीवर डोकं आपटत नाही. त्याचं सगळं सावकाश. वजन उतरतं, चाल ढिली पडते आणि मग घशाच्या नसा निकामी होतात. पळवला की श्वासाबरोबर घोरल्यासारखा आवाज येतो. गिळताना घास फुफ्फुसाकडे जातो, नाकातून चारा-पाणी परत येतं, शेवटी न्यूमोनिया. मालक म्हणतो ‘सर्दी झाली’. कॅनडातल्या ट्रेल गावी शिसं-जस्ताच्या भट्टीच्या परिसरात घोडे असेच गेले. पण ते भट्टीचं शिसं होतं, रस्त्याचं नव्हे. दोन्हींच्या मात्रेत फार अंतर आहे, हे मांडवीकाठ यांनी ध्यानात घ्यावं.

घशाचा आवाज म्हणजे शिसंच, असंही नाही. डाव्या बाजूची ती नस मेंदूकडून छातीत उतरून पुन्हा घशाकडे वर येते, इतकी लांब की उंच जातीच्या घोड्यांत ती आपसूकही कमकुवत होते. मात्र बुटक्या तट्टाला तसा आवाज यायला लागला तर मी शिशाचा संशय नक्की घेईन.

वरातवाला, बार्देश:
आमच्याबद्दल सगळे बोलतात, आम्हाला कोणी विचारत नाही. घोडा माझ्या मुलांची शाळा चालवतो, त्याला मी विष कशाला खाऊ घालीन? घाटावरून येणारी वैरण पावसात भिजलेली आणि महाग. पूर्वी कापणीनंतर शेतांत सोडायचो. आता शेतं विकली, प्लॉट पडले, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जागेवर कुंपणं आली. रस्त्याची कड तेवढी कोणाच्या मालकीची नाही, म्हणून तिथे. मनाई करा, पण मग बांधू कुठे ते सांगा. गवत कमी पडतं तेव्हा भाताचा कोंडा देतो, उपाशी ठेवत नाही.

गुरांचा दोतोर:
बाब, कोंड्याचं बरं आठवलंत. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जेमतेम. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याला कॅल्शियम कमी पडतं आणि अशा वेळी आतडं शिसं जास्त शोषून घेतं. म्हणजे रस्त्याकडेचं गवत आणि वर कोंडा, ही जोडीच वाईट. कोंडा कमी करा, खनिज मिश्रण द्या. तेवढं तरी आजच करण्यासारखं आहे.

मांडवीकाठ:
ट्रेलइतकी मात्रा इथे असेल असं माझं म्हणणं नाही. पण हाडांत शिसं साठत जातं आणि घोडा वीस-पंचवीस वर्षं जगतो. थोडं थोडं पोटात गेलं तरी हिशेब वाढतोच.

जांभ्याची वाट, भरावाचा मुद्दा महामार्गापुरता खरा. म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या आतल्या जुन्या रस्त्यांच्या कडा पालटलेल्या नाहीत. आणि खणून काढलेली ती माती गेली कुठे? कोणाच्या शेतात भराव म्हणून पडली असेल तर तिथे आज काय चरतं आहे?

वरातवाले भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. रस्त्यापासून आत गेलं की मातीतलं शिसं थोड्याच अंतरात झपाट्याने घटतं. पन्नास पावलं आत चरायची जागा मिळाली तरी पुष्कळ फरक पडेल. ती पंचायतीने द्यावी आणि मनाई त्यानंतरच करावी, असं मी आता म्हणते.

जांभ्याची वाट:
मग तपासणीने तरी काय साधणार? रक्तात गेल्या काही आठवड्यांचं शिसं दिसतं, हाडांतलं नाही.

गुरांचा दोतोर:
पावसाळ्याच्या शेवटी, चरणं चालू असतानाच घ्यायचं. अख्खं रक्त हवं, वरचं पिवळं पाणी वेगळं काढून पाठवलं तर उपयोग नाही. शिसं तांबड्या पेशींत असतं. आकडा वाढलेला निघाला तर शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी इंजेक्शनं आहेत. मात्र घोडा त्याच जागी परत बांधला तर ती वाया.

जांभ्याची वाट:
रक्ताला आणि मातीलाही माझी हरकत नाही, दोन्ही एकत्र तपासा. पण चरायची जागा ठरल्याआधी मनाईचा ठराव ग्रामसभेत आला तर मी उभा राहून विरोध करणार.

वरातवाला, बार्देश:
माझे घोडे तपासा. पैसे खात्याने भरावेत, आणि रक्त घ्यायला गोठ्यावर या. पावसात टेम्पो करून घोडा पणजीला आणणं मला परवडत नाही.