रत्नागिरीहून कांडल्याला टग न्यावेत का?

खाडीवाला:
नमस्कार मंडळी. मामांच्या कंपनीचे हिशेब मी बघतो. तीन टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) आहेत. दोन ५० टन बोलार्ड पुलचे (म्हणजे ओढायची ताकद), एक जुना ३० टनांचा. तिन्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खासगी बंदरात चार्टरवर, म्हणजे भाडेकरारावर. मामांचं म्हणणं, एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर किती वर्षं काढायची, आता गुजरातेत उतरू. एक ५० टनी कांडल्याच्या टेंडरला लावायचा विचार आहे. कागदावर नफा दिसतो, पण मन घेत नाही. तिकडे कोणी काम केलंय का?

देवगडचा मास्टर:
केलंय. टगवरच केस पिकले. मामांना आधी एवढंच विचारा, बदली टग कुठला?

बंदर टग घेतं ते चोवीस तास हजर राहण्यासाठी. इंजिन बसलं की त्या क्षणापासून ऑफ-हायर, म्हणजे भाडं बंद, वर दंड, आणि ठरलेल्या मुदतीत तेवढ्याच ताकदीचा दुसरा टग उभा करायचा. तुमचा दुसरा ५० टनी इथल्या चार्टरवर अडकलेला. तो सोडवून न्यायचा म्हटला तरी सौराष्ट्राला वळसा घालून दोन दिवसांच्या वर लागतात. तेही उघाडीत. हार्बर टग बाहेर काढायला क्लासची (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) परवानगी आणि विम्याचा सर्व्हे लागतो. जुलैत कोण देणार? ३० टनी तर तिथे मोजतच नाहीत.

दुसरं, पाणी. आपल्याकडे भरती-ओहोटीत अडीच-तीन मीटरचा फरक. कांडल्याला उधाणात सहा-सातपर्यंत जातो. खाडीला ओढ अशी की भरलेलं जहाज धक्क्याला लावताना टग आधी स्वतःलाच सावरतो. जहाज आत आणणारा पायलट थांबत नाही, भरतीची वेळ गाठायची असते. आपला चांगला मास्टरसुद्धा (टगचा कप्तान) तिथे पहिले काही महिने दुसऱ्या मास्टरच्या बाजूला उभा राहिला पाहिजे. तो पगार तुमच्या कागदावर आहे का?

आणि गणपती! क्रू सगळा कोकणातला असेल तर भाद्रपदात टगवर कोण राहणार हे आजच लिहून काढा. हसू नका, ऐन चतुर्थीला मी एकट्या इंजिन ड्रायव्हरला घेऊन टग सांभाळलाय. निम्मा क्रू तिकडचाच घ्या.

धक्क्यावरचा:
मास्टरांशी सहमत. पैशाच्या बाजूने एक जोडतो. मोठे लोकसुद्धा नव्या बाजारात एक टग घेऊन शिरत नाहीत, चालू करार असलेली कंपनीच विकत घेतात. अदानींनी २०२२ मध्ये ओशन स्पार्कल ही टग कंपनी १,५३० कोटींना घेण्याचा करार केला तेव्हा तिच्याकडे स्वतःची ९४ जहाजं होती. लोखंडापेक्षा जास्त किंमत होती ती बंदराबंदरांतल्या करारांना. चिलीची टग कंपनी साम २०२१ मध्ये कोलंबियात गेली ती तिथल्या इंटरटग कंपनीचा ७० टक्के हिस्सा घेऊन.

शिवाय कांडला, म्हणजे दीनदयाळ बंदर, केंद्राच्या हरित टग (बॅटरीसारख्या कमी प्रदूषणाच्या ऊर्जेवर चालणारे) योजनेच्या पहिल्या टप्प्यात आहे. जेएनपीए (न्हावाशेवा), पारादीप आणि तुतिकोरिनसह चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन हरित टग घ्यायचे, मुदत २०२७ अखेर. डिझेलचा जुना टग घेऊन लांबच्या कराराची स्वप्नं आता बघू नयेत.

खाडीवाला:
बदली टगची रक्कम कागदावर शून्य आहे. 😐 मग विस्तार करायचाच नाही का? मामा वाढवणच्या (पालघर जिल्ह्यातल्या नव्या) बंदराचंही नाव काढतात.

देवगडचा मास्टर:
वाढवणची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिथे जहाज लागेपर्यंत मामांनी धीर धरावा. त्यापेक्षा दाभोळच्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनलचं बघा. एलएनजीचं जहाज आत घ्यायला सहसा चार टग लागतात. ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) अपुरा होता तेव्हा पावसाळ्यात तिथे जहाजं घेत नसत. आता काम बारमाही झालं तर टगही बारमाही लागणार. मुख्य करार तुम्हाला मिळणार नाही, पण करारवाल्याच्या हाताखाली बदली टग म्हणून नाव लावता येतं का ते विचारा. भाडं कमी मिळेल, पण बिघाड झाला तर तुमचा दुसरा टग काही तासांत तिथे पोचतो आणि मास्टरला पाणी नवं नाही.

कांडल्याला जायचंच असेल तर आधी तिथल्या एखाद्या टगवाल्याशी भागीदारी करा आणि बदलीची जबाबदारी त्याच्याकडे ठेवा. टेंडरची कागदपत्रं आली की ऑफ-हायरचं कलम इथे टाका, बघून सांगतो.