सजेशन आलं की सरळ पीओ (खरेदीची ऑर्डर)? कुणाच्या भरवशावर?

मधल्या_फळीतला
एमआरपीवर (छापील किंमत नव्हे; कुठला माल किती आणि कधी मागवायचा ते काढणारी सिस्टिम) एका सल्लागार साहेबांची पोस्ट वाचली: "एमआरपी रोज रात्री पूर्ण चालवा, सकाळी आलेली खरेदीची सगळी सजेशन्स आपोआप पीओत बदला, मधला माणूस काढून टाका." तिथेच उत्तर देणार होतो, पण ते पोस्टपेक्षा लांबलं. म्हणून वेगळा धागा.

साहेब, सजेशन म्हणजे सिस्टिमचं कच्चं गणित. रन सुरू झाला की फर्म (माणसाने पक्की) न केलेली जुनी सजेशन्स ती पुसते आणि नव्याने मांडणी करते. एकूण गरजेतून हातातला स्टॉक वजा, येऊ घातलेले पीओ वजा, सेफ्टी (अडीअडचणीचा राखीव स्टॉक) राखून जी तूट निघेल ती लॉटमध्ये (ऑर्डरच्या ठरलेल्या आकारात) बसवायची आणि लीड टाइमइतकं (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) मागे जाऊन ऑर्डरची तारीख काढायची. हे शंभरदा पुसलं तरी कुणाचं काही जात नाही. पीओ मात्र तिला पुसता येत नाही, तो बाहेर गेलेला असतो. पुढच्या रनला ती फार तर मेसेज देते: अलीकडे घ्या, पुढे ढकला, रद्द करा. त्या मेसेजचं काय करायचं ते परत माणसानेच ठरवायचं, ज्याला तुम्ही काढून टाकलंत.

आकडेच घ्या. स्टॉक १२०, सेफ्टी २०, पुढच्या दोन आठवड्यांची गरज ५० आणि ५०. उरतात २०. सजेशन नाही. आता दुसऱ्या आठवड्याची गरज ५१ झाली. उरले १९, तूट एका नगाची. एमओक्यू (एका ऑर्डरला कमीत कमी घ्यावे लागणारे नग) ५००, लीड टाइम दोन आठवडे. सजेशन काय येतं? ५०० नग, आजच ऑर्डर करा. उद्या सेल्सने ५१ चे परत ५० केले की सजेशन गायब. तुमचा पीओ मात्र सकाळीच गेलेला.

बॅचजॉब
ते "सल्लागार साहेब" म्हणजे मी. सोयीचं तेवढंच वाक्य उचललंत. त्याच पोस्टमध्ये खाली टाइम फेन्स (आजपासून पुढचा गोठवलेला काळ) लिहिलं होतं. फेन्स नीट लावली की तिच्या आत सिस्टिम आपणहून नवं सजेशन टाकत नाही, फर्म केलेलं हलवत नाही, फक्त तूट दाखवते. तुमचं ५१ चं नाटक तिथेच संपतं. शिवाय सेफ्टीचा काही भाग वापरायला मोकळा ठेवायची सोय बऱ्याच सिस्टिममध्ये असते. ते सेटिंग कुणी उघडून बघितलंय?

आणि मधला माणूस काय करतो ते मी ढिगाने पाहिलंय. सिलेक्ट ऑल, कन्व्हर्ट. तेही तीन दिवसांनी, म्हणजे खालची मागणी बदलून गेल्यावर. विचार न करताच बटण दाबायचं असेल तर मशीन निदान वेळेवर दाबतं.

मधल्या_फळीतला
आमची फेन्स दोन आठवड्यांची आणि निम्म्या आयटमचा लीड टाइम सहा आठवडे. फेन्सच्या बाहेर पडणाऱ्या सजेशनचीही ऑर्डर आजच द्यावी लागते. तिथे तुमची फेन्स कुणाला अडवणार?

बॅचजॉब
मग फेन्स लीड टाइमएवढी ठेवा. हेही मीच सांगायचं?

खरेदीखातं
दोघांनाही एक विचारते. "आजच ऑर्डर करा" हे भाग्य तुम्हाला लाभतं? माझ्याकडे निम्म्या ओळींवर ऑर्डरची तारीख गेल्या महिन्यातली असते. सेल्सची ऑर्डर लीड टाइमच्या आत घ्यायची, प्लॅनिंगने तशीच आत ढकलायची, आणि उशिराचा ठपका खरेदीवर. रोज मीटिंगमध्ये हेच.

मधल्या_फळीतला
ताई, त्या तारखा मागे जातात कारण मास्टरमधला (सिस्टिममधल्या आयटमच्या नोंदीतला) लीड टाइम तुमच्याच खात्याने फुगवलाय. तीस दिवसांत येणारा माल चाळीस लिहिलाय.

खरेदीखातं
हो, लिहिलाय. कारण तीस लिहिले की तुम्ही मला वीस देता! आणि तुम्ही काय कमी आहात? सेफ्टी टाइमच्या (माल गरजेआधी यावा म्हणून धरलेले दिवस) कॉलममध्ये सात दिवस कुणी भरले? वर सेफ्टी स्टॉक वेगळाच. माझे दहा दिसले, स्वतःचे सात दिसले नाहीत.

रॅक_नंबर_सात
आणि तो सतरा दिवस आधी आलेला माल ठेवायचा कुठे, हे दोघांपैकी कुणी सांगेल का? रॅक भरले की माल पॅसेजमध्ये. पॅसेजमधला माल मोजणीत सुटतो. मग स्टॉक चुकीचा म्हणून बोंब, आणि बोंब कुणाच्या नावाने? स्टोअरच्या.

जाता जाता: जुने पीओ बंद करा हो. ५०० मागवले, ४८८ आले, १२ आता कधीच येणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पीओ उघडा, म्हणून सिस्टिम ते १२ येणारच असं धरून चालते आणि तेवढं सजेशन कमी देते. लाइन थांबली की फोन मला येतो.

बॅचजॉब
रॅक_नंबर_सात यांना +१. अशा डेटावर कुठलंही सॉफ्टवेअर लावा, कचराच निघेल. मग एमआरपीला शिव्या का?

खरेदीखातं
म्हणजे परत खरेदीच! शॉर्ट क्लोज (माल कमी आला तरी पीओ बंद) करायला वरची मंजुरी लागते, ती तीन आठवडे अडकते. ते तुमच्या फ्लोचार्टमध्ये नसतं, बॅचजॉब. गो-लाइव्ह झालं (सिस्टिम चालू झाली) की तुम्ही पुढच्या प्रोजेक्टला, आम्ही इथेच.

बॅचजॉब
वैयक्तिक व्हायची गरज नव्हती. असो.

दुसऱ्या_टोकाचा
मी सप्लायरच्या बाजूला बसतो, म्हणून लीड टाइमवर दोन शब्द. तुम्ही दहा दिवस वाढवता तेव्हा त्या रात्रीच्या रनमध्ये पुढच्या दहा दिवसांच्या ऑर्डरी एकदम आमच्यावर कोसळतात. खरी मागणी एका नगानेही वाढलेली नसते. तुमच्यासारखे चार ग्राहक हेच करतात, आमची रांग लांबते आणि आम्ही सांगतो, आता पन्नास दिवस लागतील. लगेच तुम्ही साठ लिहिता. शिवाय साठ दिवस आधी ऑर्डर म्हणजे साठ दिवस पुढच्या अंदाजावर ऑर्डर, त्यामुळे फेरबदल आणखी जास्त.

फेरबदलांचे मेसेज आम्ही वाचणं केव्हाच सोडलं. सोमवारी अलीकडे, मंगळवारी पुढे, बुधवारी रद्द. ज्यासाठी फोन येतो तोच माल मशीनवर चढतो. मग ऑटो पीओ काढा नाहीतर हाताने काढा, आम्हाला काय फरक?

मधल्या_फळीतला
हेच मी पहिल्यापासून म्हणतोय. सिस्टिमची तारीख एकदा खोटी ठरली की फोनचं राज्य सुरू होतं.

बॅचजॉब
नाही, तुम्ही माणूस ठेवा म्हणत होता. खोटी तारीख माणसांनी भरली, हे तर इथे सगळेच सांगतायत.

अडगळीतला_जुना
गंमत वाटते. एमआरपीचे जनक मानले जाणारे ऑर्लिकी आयबीएममध्ये हे सगळं १९६० च्या दशकात बसवत होते. पूर्ण रन की फक्त हालचाल झालेल्या आयटमचा नेट-चेंज, हा वादही १९७० च्या दशकात झालेला. पूर्ण रन साधारण आठवड्याला एकदा व्हायचा, त्यामुळे सजेशन आठवडाभर तरी टिकायचं. आता दर तासाला चालवता येतं म्हणून दर तासाला चालवतात. हिशेब रोज करा, मी नाही म्हणत नाही. पण ऑर्डरचा निर्णय आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी घ्या, आणि ज्या ओळीवर मेसेज आहे तीच उघडा. प्रत्येक सजेशनच्या मागे कुठली मागणी आहे ते पेगिंगमध्ये दिसतं. ते बघणारा माणूस ठेवा, सिलेक्ट ऑलवाला नको.

बॅचजॉब
चला, तडजोड. नट-बोल्ट, पॅकिंग असला सी क्लास माल ऑटोवर. महागडं आणि लांब लीड टाइमचं माणसाकडे. मधल्या_फळीतला, आता तरी झोप लागेल ना?

मधल्या_फळीतला
तुमच्या पोस्टमध्ये "सगळी सजेशन्स" होतं. ते बदला, मग झोपतो.

बॅचजॉब
बदललं. पण चाळीसचे तीस कोण करणार, ते अजून कुणी बोललं नाही.

खरेदीखातं
मागच्या सहा महिन्यांच्या पीओ आणि जीआरएनच्या (माल आल्याच्या नोंदीच्या) तारखा काढून द्या, आयटमवार. आणि तुमचे सात आधी शून्य करा. तोवर माझे चाळीस ते चाळीसच.