शेजारची कुत्री थांबतच नाहीत. भांडण न करता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

धागा लांबलाय, आधीच माफी मागते. झोप न झालेल्या माणसाला थोडक्यात सांगणं जमत नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात पाच महिन्यांपूर्वी नवे शेजारी आले. काका एकटेच राहतात, साठीच्या आसपासचे, अजून कामावर जातात. सोबत दोन कुत्रे. त्यांची नावं मला पाठ झाली आहेत, पण इथे एकाला काळ्या आणि दुसऱ्याला तांबड्या म्हणते. काळ्या मोठा, पडलेल्या कानांचा. तांबड्या त्याच्या निम्मा, पण आवाज दुप्पट.

मी घरून काम करते. सकाळी काका बाहेर पडले की थोड्या वेळात सुरू होतं ते दुपारपर्यंत थांबून थांबून चालतं. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की लोक विचारतात, "तुझ्याकडे कुत्रा आहे का गं?" आता तर विचारायचंही सोडलंय, नुसते हसतात. आणि रात्री तीनच्या सुमाराला दोघं मिळून दहा-पंधरा मिनिटं. मग काका आतून ओरडतात, "गप्प!", की हे आणखी जोरात. मला आता भुंकण्याच्या आधीच जाग येते. आधी भिंतीपलीकडून फरशीवर नखांची टकटक ऐकू येते, मग काळ्याची घशातली गुरगुर, आणि मी उशी डोक्यावर ओढून वाट बघत पडते. भुंकण्यापेक्षा ती वाट बघणं जास्त छळतं.

एकदा जाऊन बोलले. काका शांतपणे म्हणाले, "माझे कुत्रे? दिवसा? मी असताना तर हूं की चूं करत नाहीत." इतकं धडधडीत खोटं कुणी तोंडावर बोलेल असं वाटलं नव्हतं. मीही दोन शब्द जास्त बोलून आले. तेव्हापासून आमच्यात फक्त मान हलते, तीही अर्धी.

कुत्र्यांचा आवाज ऐकून आपोआप वाजणारं एक अल्ट्रासॉनिक यंत्र ऑनलाइन दिसतंय. घ्यावं का? की थेट लेखी तक्रार करू? मला कुत्र्यांचा राग नाही (खरं तर रात्री तीन वाजता असतो), पण आयुष्यभराचं वैर नकोय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद: रातजागा

आमच्याकडे हे तीन वर्षं चाललं, त्यामुळे पूर्ण सहानुभूती. एकच सांगतो: आजपासून वही घाला. तारीख, वेळ, किती मिनिटं. पुढे तक्रार करायची झाली तर "सारखे भुंकतात" या वाक्याला कुणी विचारत नाही, "मंगळवारी ९:१० ते १०:०५" याला विचारतात. आणि रेकॉर्डिंग फक्त आवाजाचं करा. त्यांच्या घराकडे कॅमेरा रोखलात की विषय कुत्र्यांवरून तुमच्यावर येतो. हे अनुभवाचे बोल आहेत.

प्रतिसाद: खडूस आजोबा

एवढं गोड बोलून काही होत नाही. दोन लेखी तक्रारी ठोका, सरळ होतील. ऑपरेशन करून भुंकणंच काढून टाकता येतं म्हणे, तेही सुचवा त्यांना.

प्रतिसाद: स्टेथो

@खडूस आजोबा, स्वरतंतू कापण्याचं ते ऑपरेशन. १९८७ च्या युरोपीय पाळीव प्राणी संरक्षण करारात त्यावर बंदी आहे, आणि प्राण्याच्या भल्याचं त्यात काहीच नसतं. घसा कापला म्हणून भीती जात नाही, ती मुक्याने भोगावी लागते. शॉक देणाऱ्या पट्ट्याचंही तेच. वेल्समध्ये तो २०१० पासून बंद आहे. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला वरून झटका दिला तर तो जास्त घाबरेल की कमी, तुम्हीच सांगा.

प्रतिसाद: दोन शेपट्यांचा बाप

ताई, मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझ्याकडेही दोन आहेत, आणि एकदा शेजारच्या काकू माझ्या दारात अशाच उभ्या होत्या. मीही हेच म्हणालो होतो: "माझे? शक्यच नाही."

ते काका खोटं बोलत नसावेत. तुमचं वाक्य परत वाचा: "काका बाहेर पडले की थोड्या वेळात सुरू होतं." एकटं राहणं सहन न होणारी कुत्री बहुतेकदा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करतात. मालक घरात असताना ती त्याच्या पायाशी मुकाट पडलेली असतात. म्हणजे तुम्ही जे रोज दिवसा ऐकता ते या माणसाने आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही. आणि तुम्ही त्याला तोंडावर खोटारडा ठरवून आलात.

वही घालाच, पण रातजागा म्हणतात त्यात एक रकाना वाढवा: भुंकणं सुरू व्हायच्या आधी काय घडलं. कुणी दारावरून गेलं? गाडी आली? काहीच नाही? दारावरून माणूस गेला की कुत्रा भुंकतो आणि माणूस पुढे निघून जातो. माणूस जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबात "मी भुंकलो म्हणून गेला". रोज जिंकणारा खेळ कोण सोडेल? अशा वेळी खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धूसर कागद लावला तरी फरक पडतो. पण एकटेपणाच्या भुंकण्याला कागदाचा उपयोग शून्य. म्हणून आधी कारण, मग उपाय.

आणि काकांचं ते "गप्प!" ओरडणं. कुत्र्याला वाटतं, चला, मालकही सामील झाले.

प्रतिसाद: आवाजकी

यंत्राबद्दल. घेऊ नका. कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला फार तर २०,०००, म्हणून ते आपल्याला त्रास न देता त्यांना टोचतं, ही कल्पना. पण इतक्या उंच पट्टीचा आवाज भिंतीतून, बंद काचेतून जवळजवळ जातच नाही. तुमचे दोघे घराच्या आत आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. पोहोचला तरी कुठलाही तिसराच कुत्रा भुंकला की शिक्षा यांना. (अवांतर: माणसाला ऐकू न येणारी, कुत्र्यांसाठीची ती शिट्टी एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने बनवली. त्यांना प्राण्यांना कुठवर ऐकू येतं ते मोजायचं होतं, शेजाऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं.)

तुमच्या बाजूने काय करता येईल ते सांगतो. फोनवरच्या अ‍ॅपने अंदाज घ्या. फोन काही प्रमाणित उपकरण नाही, पण तुलनेपुरता चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत आणि एकेकटा आवाज ४५ च्या आत असावा. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे पाच-सात डेसिबलही हलके समजू नका. आवाज पाण्यासारखा आहे, फट शोधतो. जाड पडद्यांवर खर्च करण्याआधी रात्री खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवा. जिथे वारा लागतो तिथून भुंकणं येतंय. तिथे रबरी पट्टी बसवा. शक्य असेल तर पलंग सामाईक भिंतीपासून हलवा.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. यंत्र रद्द. शेपट्यांचे बाबा, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. वही सुरू केली आहे.

अ‍ॅपवर खिडकी उघडी असताना ७१, बंद असताना ५८. फट सापडली, खालच्या कोपऱ्यात, बोट जाईल एवढी! कानातले बोळे मात्र माझ्या कानात टिकतच नाहीत, तासाभरात उशीवर असतात.

प्रतिसाद: रातजागा

फोमचे असतील तर तुम्ही नुसते खुपसताय. बोटांत वळून वळून सुतळीएवढे बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरा. बाहेरून दिसत असतील तर नीट बसलेले नाहीत.

प्रतिसाद: स्टेथो

वहीत आवाजाचा पोतही लिहा. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांना कुत्र्यांच्या भुंकण्याच्या नुसत्या ध्वनिफिती ऐकवल्या, आणि ते कुठल्या प्रसंगी भुंकतायत हे लोकांनी नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा बरंच बरोबर ओळखलं. खर्जातलं, एकावर एक भराभर येणारं भुंकणं म्हणजे "चल निघ". पट्टी चढलेलं, मध्ये अंतर सोडून येणारं, म्हणजे बिचाऱ्याची कोंडी झालेली आहे.

दोघांतलं एखादं वयस्कर असेल तर रात्रीच्या भुंकण्यामागे सांधेदुखी, कमी ऐकू येणं किंवा म्हातारपणातला गोंधळही असू शकतो. ते काकांनी तपासून घ्यायला हवं.

प्रतिसाद: धागाकर्ती (बारा दिवसांनी)

सांगायला आले आहे. वहीत दोन वेगवेगळे कुत्रे निघाले, म्हणजे दोन वेगवेगळे त्रास.

सकाळचा तांबड्याचा. काकांच्या दाराचं कुलूप वाजल्यापासून सरासरी अकरा मिनिटांनी सुरू. आधी काहीही घडत नाही, कुणी येत नाही, जात नाही. उंच पट्टीत एकदा भुंकतो, थांबतो, जणू उत्तर येतंय का बघतो, मग पुन्हा. पाच महिने मी याला माज समजत होते. काळ्या मध्येच एखादी साथ देतो, बास.

रात्रीचं हसू नका. आठपैकी सहा रात्री भुंकण्याआधी माझ्याच मागच्या दाराचा दिवा लागला होता. हालचाल ओळखून आपोआप लागणारा, मीच हौसेने बसवलेला. तीनच्या सुमाराला एक मांजर कुंपणावरून जातं, दिवा भक्कन लागतो आणि प्रकाश थेट काकांच्या खिडकीत. काळ्या उठतो. टकटक, गुरगुर, पुढचं तुम्हाला माहीत आहे. दिव्याचं तोंड खाली वळवलं, वेळ कमी केली. त्यानंतरच्या चार रात्रींत एकदाच भुंकले, तेही दोन मिनिटं.

मग काकांकडे गेले. वही नेली नाही, पुरावा घेऊन आल्यासारखं वाटलं असतं. आधी दिव्याचं सांगितलं आणि मागच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग विचारलं, "काका, तुम्ही गेल्यावर तांबड्या रडतो, तुम्हाला ऐकायचंय का?" फोनवर दोन मिनिटं लावलं. काका दारातच उभे होते. पहिल्या मिनिटाला त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. नंतर म्हणाले, "हा मला हाक मारतोय."

मी काहीच बोलले नाही. आत बोलावलं तेव्हा तांबड्या माझ्या चपला हुंगत होता.

आता ते पशुवैद्याकडे जाणार आहेत. @स्टेथो, त्यांना जाण्याआधी काही सुरू करता येईल का?

प्रतिसाद: स्टेथो

उत्तम झालं. किल्ल्या उचलणं, चपला घालणं हे तांबड्याला संकटाचे भोंगे वाटत असणार. सुट्टीच्या दिवशी काकांनी किल्ल्या उचलायच्या आणि परत बसायचं. दहा वेळा. मग दारापर्यंत जाऊन परत, मग बाहेर अर्धं मिनिट. तो अस्वस्थ व्हायच्या आत परतायचं, वेळ हळूहळू वाढवायची. निघताना लाडाचे सोहळे नकोत, आल्यावरही नकोत. ही अडचण असलेल्या कुत्र्यांसाठी फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी औषधं आहेत, पण ती तपासून डॉक्टरांनीच द्यायची आणि सरावासोबतच. महिने लागतील, दिवस नाही.

प्रतिसाद: दोन शेपट्यांचा बाप

एक इशारा: सुधारणा होताना मध्येच एखादा आठवडा आधीपेक्षा वाईट जातो. लक्ष वेधायला भुंकणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं की तो आधी आवाज वाढवून बघतो. तेव्हा दहातल्या एका वेळी जरी घरच्यांनी माघार घेतली, तर तो चिवटपणाच शिकतो. कधीमधी मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलंय. काकांना आधीच सांगून ठेवा.

तुम्ही घरूनच काम करता ना? काका गेल्यावर तांबड्याला दोन तास तुमच्याकडे सोडलं तर?

प्रतिसाद: धागाकर्ती

हेच काकांनी काल विचारलं, फार संकोचून. मी "बघते" म्हणाले आहे. मांडी घालून मीटिंगला बसायची सवय आहे, तांबड्याला ती मांडी आपलीच वाटली तर काय करायचं, हा प्रश्न घेऊन पुन्हा येईन.