जुनी माती फेकू नका, उन्हात टाका
घरातल्या झाडांबद्दल कोणीतरी लिहिलंय की दरवर्षी कुंडीतली सगळी माती फेकून नवीन भरावी. मनी प्लांट, स्नेक प्लांटला एवढं लागतच नाही, वरची दोनेक इंच माती खरवडून काढायची आणि तेवढंच गांडूळखत घालायचं, बास. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ती माती फेकायची कुठे? सुक्या कचऱ्यात टाकली तर सोसायटीत भांडणं.

ती परत वापरता येते, फक्त आधी उन्हात तापवायची. एप्रिल-मे चं ऊन आपल्याकडे फुकट आहे! मुळं, खडे काढून माती थोडी ओली करायची (कोरडी नको, ओलाव्यामुळे उष्णता आतपर्यंत जाते), प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थर करून घट्ट बंद करायची आणि गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवायची. पिशवी पारदर्शक घ्या, काळी नको, काळ्या प्लास्टिकमध्ये ऊन आत न जाता प्लास्टिकच तापतं. बुरशी, किड्यांची अंडी, तणाचं बी बऱ्यापैकी मरतं. मग एक तृतीयांश गांडूळखत आणि मूठभर परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिसळा, कारण जुन्या मातीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कुजून बारीक झालेलं असतं आणि पाणी नीट निचरत नाही. मुळांना बारीक गाठी दिसल्या तर मात्र ते सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत), ती माती कुंडीत परत घेऊच नका. आणि हे सगळं पावसाआधी उरका, जूननंतर घरातली कुंडी वाळतच नाही, ओल्या खतावर चिलटं होतात.