निकॉन डी७५०० : खाच एक, पण बफर मोठा
निकॉनच्या डी७२०० कॅमेऱ्यात मेमरी कार्डांसाठी दोन खाचा होत्या आणि डी७५०० मध्ये एकच ठेवली, हे मोठे वैगुण्य आहे, असे म्हटले जाते. हा मुद्दा लग्नसमारंभ टिपणाऱ्यांच्या बाबतीत मला पूर्णपणे मान्य आहे. पक्षी टिपणाऱ्यांसाठी मात्र बफर (चित्रे कार्डावर लिहिली जाईपर्यंत ती साठवणारी कॅमेऱ्यातील तात्पुरती स्मृती) अधिक मोलाचा आहे. १४-बिट रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) चित्रे सलग घेताना डी७२०० १८ चित्रांनंतर मंदावतो. डी७५०० मात्र सेकंदाला ८ या वेगाने ५० चित्रांपर्यंत टिकतो.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून हा फरक मी अनुभवला आहे. दलदली हारीण (मार्श हॅरियर) हा शिकारी पक्षी झेपावताच वारकरी पक्षी पाय आपटत, पाण्यावर शिंतोड्यांची रेघ ओढत बराच वेळ धावतात आणि मगच हवेत उठतात. जुन्या कॅमेऱ्यात तो उठण्याचा क्षण नेमका निसटत असे. जुनी मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्यांनी मात्र डी७५०० घेण्यापूर्वी जरूर विचार करावा, कारण तिच्यासोबत त्यात प्रकाशमापन होत नाही.